दुपारचा चंद्र

मनालीने दुर्बिणीच्या तिपाईवर बोट टेकवून हलकेच दाबलं. वरची लांब नळी थरथरली आणि बराच वेळ थरथरतच राहिली.

"ही नको," ती म्हणाली.

दापोड्याच्या या गोदामात दुर्बिणी मिळतात, हे भाविकला ठाऊकच नव्हतं. त्याच्या मालवाहतुकीचे टेम्पो तर रोज याच गेटसमोरून जात. दोन्ही घरांनी त्यांना भेटायची मोकळीक दिली होती, आणि या तिसऱ्या भेटीसाठी कामतघरच्या मनालीने ही जागा सुचवली होती. तिला चंद्राचे फोटो काढायचे होते, जमलंच तर पुढे तेजोमेघांचे. दुर्बीण ती स्वतःच्या पगारातून घेणार होती. लग्नाला होकार मात्र तिने अजून दिला नव्हता.

गोदामातल्या हरेशने पिंपाएवढी एक दुर्बीण पुढे ओढली. भाविक हरखला. हीच घेऊ, वरचे पैसे मी घालतो, असं म्हणून गेला. मनालीने मान हलवली. बघायला ती छानच, पण पृथ्वी फिरते तसा तारा सरकतो. फोटोसाठी दुर्बिणीनेही त्याच्यामागे सरकायला हवं. तिला आखूड नळी, भक्कम पाय आणि फिरवणारी मोटर हवी होती. हरेश मात्र भाविकलाच भाव सांगू लागला.

"मला काय सांगता? घेणार त्या आहेत," भाविक म्हणाला.

मग कोपऱ्यातली आखूड दुर्बीण आवारात आली. अष्टमी होती. पूर्वेला फिकट अर्धा चंद्र वर चढला होता. मनालीने तो नेमका धरला आणि ती बाजूला झाली. भाविकने डोळा लावला तो काढेचना.

"खड्डे दिसतायत," शेवटी तो म्हणाला. "दिवसाढवळ्या."

मनालीने मोबाईल क्लिपने दुर्बिणीला बसवला. पण रस्त्यावरून कंटेनर जाई, जमीन हादरे आणि चंद्र विस्कटून जाई. एकामागून एक फोटो वाया गेले. तिने ओठ आवळले.

भाविक गेटबाहेर धावला. इस्त्रीच्या शर्टात, दोन्ही हात पसरून तो कंटेनरसमोर उभा राहिला. मागे टेम्पो तुंबले, हॉर्न वाजू लागले.

"क्या हुआ, भाई?" ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं.

"दो मिनट. चाँद का फोटो निकल रहा है."

ड्रायव्हरने वर पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

मनाली मोबाईल घेऊन धावतच रस्त्यावर आली. पडद्यावर चंद्राची कड, खड्ड्यांच्या सावल्या, सगळं लख्ख उमटलं होतं. भाविकने मोबाईल दोन्ही हातांत धरला. ड्रायव्हरही खिडकीतून वाकून बघत होता.

आत आखूड दुर्बिणीची पावती करताना हरेशने विचारलं, माल कुठे पोचवायचा. मनाली भाविककडे वळली.

"आपल्या गच्चीवरून पूर्व मोकळी दिसते ना?"

भाविक लगेच हो म्हणाला. त्याच्या घराच्या गच्चीला ती 'आपली' म्हणाली, हे त्याच्या ध्यानात आलं ते त्यानंतर.