पानाजवळचा श्वास

रबराची ती कडी अजून खिडकीच्या कट्ट्यावरच पडलेली — बांगडीहून लहान, एका बाजूला चीर गेलेली… पान आत धरून मोजमाप घ्यायच्या काचेच्या डबीची. डबी केव्हाच फुटली. कडी तेवढी टाकायची राहून गेली.

"बाई, ऐकताय ना?" फोनवर चिमणी. बाईंची एकेकाळची विद्यार्थिनी. आता साऱ्या जगाच्या हवेचं कॉम्प्युटरवरचं मॉडेल सांभाळते, तरी बाईंसाठी चिमणीच. "पानं ओझोन किती शोषतात, तो तुमचा आकडा नव्या आवृत्तीत बदलायचाय. आता पुष्कळ जंगलांतली मोजमापं आलीत."

"मग बदल की. मी काय वाट अडवून बसलेय?"

"अहो, प्रोग्रॅममधली ओळ ज्याची, त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. तुम्हीच कान उपटून शिकवलंत!"

शिकवलं होतं खरं. देशोदेशीची माणसं, एकमेकांचं तोंडही न पाहिलेली, कॉम्प्युटरमधल्या एकाच हवेत आपापली ओळ लिहिणारी — कोणी धुराची, कोणी समुद्राच्या मिठाची — आणि तिची ही पानांची, जिच्यात… पण ते कोणाला ठाऊक? पानाशी श्वास सोडला की वाफेनं मोजमाप बिघडायचं, म्हणून डबी धरणाऱ्यानं आणि यंत्राचा काटा बघणाऱ्यानंही दम रोखून उभं राहायचं. आणि धरायला दुसरं कोण, नवराच. शिंप्याचा स्थिर हात. गाल फुगवलेले, डोळे वटारलेले, आणि ती हसू दाबत काट्याकडे बघतेय… मग झाडापासून लांब पळत जाऊन ते म्हणायचे, "तुझ्या हवेपायी माझी हवा बंद!"

ते गेले तेव्हाही तिला क्षणभर वाटलं होतं — दमच धरलाय नुसता.

आकडा जरा जास्तच होता, हे तिला कळत होतं. एका झाडावरून जगभरच्या पानांचं माप, म्हणजे शितावरून भाताची परीक्षा. पण कुठेतरी कोणी मॉडेल चालवलं, की पृथ्वीवरची सगळी पानं त्यांच्या हातातल्या त्या पानासारखी वागायची… तेही पुसायचं?

"बाई? नाही म्हणालात तर राहू देईन. भांडेन सगळ्यांशी."

"वेडी आहेस. चुकीच्या आकड्यासाठी भांडतात होय?"

"मग काढू?"

तिनं कडी उचलली, कुंडीतल्या एका पानाभोवती धरली, वाकली — आणि ध्यानात आलं, आपण मघापासून श्वासच घेतलेला नाही. किती वर्षांची ही खोड…

"थांब हं, चिमणे," ती म्हणाली, आणि श्वास हळूच सोडला, थेट पानावर. पान थरथरलं. कोणी डोळे वटारले नाहीत. तिला हसू आलं. तिनं पुन्हा श्वास घेतला, पोटभर, आणि म्हणाली, "काढ."