मागणी शेवटच्या ओळीत

सूचना कशी लिहायची हे रेतनानीला पाक वार्सिदींनी शिकवलं, आणि शिकवलं ते बोलणी खायला घालून. "ताकाला जाऊन भांडं काय लपवतेस गं?" असं म्हणत ते तिचा कागद तिच्याच टेबलावर परत टाकायचे. पुर्वोकेर्तो हे जावातलं गाव; तिकडे मानानं पुरुषाला 'पाक' म्हणायचं, बाईला 'बू'. तिथल्या विद्यापीठाचा सूचना कक्ष म्हणजे एक खोली, दोन टेबलं आणि खिडकीबाहेर एक कर्णा. सुट्ट्या, परीक्षा, कुणाचं लग्न, कुणाचं मयत, सगळं तिथूनच बाहेर पडायचं. म्हाताऱ्याचं म्हणणं एवढंच, की ऐकणारा गडबडीत असतो. कोण गेलं आणि काय हवंय, हे त्याला पहिल्या ओळीत कळलं पाहिजे. "सलाम, आभार, क्षमा हे सगळं मागाहून. आधी काम सांग!"

पण रेतनानी पडली जावातल्या चांगल्या वळणाच्या घरातली. थोरामोठ्यांकडे काही मागायला जायचं, तर आधी तब्येत विचारायची, मग भाताचं पीक कसं आहे ते बोलायचं, मग आपल्यामुळे त्रास झाला म्हणून हळहळायचं, आणि निघताना, पायात चपला सरकवता सरकवता, हळूच काम सांगायचं. ही रीत तिच्या हाडीमाशी खिळलेली होती. पुढे पाक वार्सिदी निवृत्त झाले, कर्णाही गेला, आणि मोबाइलवर 'बृहत् परिवार' नावाचा गट आला. कुलगुरूंपासून माळ्यापर्यंत सगळे त्यात. तिथे रेतनानीची भाषा सगळ्यांना फार आवडायची. डीन पाक हार्दोयो तर म्हणायचे, "बू रेतनानींनी पाणी बंद असल्याचं कळवलं, तरी वाचून बरं वाटतं."

त्या दिवशी सकाळी ती नुकती येऊन बसली होती. कागदात गुंडाळलेलं गरम मेंदोआन, तिकडची सोयाबीनची भजी, अजून तिनं उघडलंही नव्हतं, तोच फोन वाजला. पाक वार्सिदींची बायको, बू कुस्तिना.

"रेत, ह्यांना पहाटे रक्ताची उलटी झाली गं. पोटात काहीतरी फुटलंय. ए निगेटिव्ह रक्त पाहिजे, आणि इथे एक पिशवी नाही. दुसरीकडून यायला उद्या उजाडेल म्हणतात. दुपारपर्यंत कुणी दोघं-तिघं आले तर पोट उघडू, नाहीतर हात लावत नाही म्हणतात डॉक्टर. तू टाक ना तुमच्या त्या गटावर. एवढी माणसं आहेत, कुणाचं तरी जुळेल."

"आत्ता टाकते, बू. लगेच टाकते."

आणि तिनं लगेच लिहिलं. एवढ्या घाईतही रीत काही सुटली नाही. आधी सलाम. मग, सन्माननीय गुरुजन आणि बंधुभगिनींनो, आपल्या कामात व्यत्यय आणल्याबद्दल क्षमा असावी. मग, अत्यंत जड अंतःकरणानं कळवावं लागत आहे की आपणा सर्वांचे लाडके, सूचना कक्षाचे माजी प्रमुख पाक वार्सिदी... आणि नेमका तिथे पडद्यावर निरोप तुटला. पुढचं वाचायचं तर बोट लावून उघडावं लागत होतं. दवाखाना, रक्ताचा गट, दुपारची वेळ, सगळं त्या घडीच्या आत. रक्त शेवटच्या ओळीत.

पहिलं उत्तर डीनसाहेबांचं आलं. 'इन्ना लिल्लाही... आमच्या विद्याशाखेतर्फे भावपूर्ण श्रद्धांजली. अल्लाह त्यांना उत्तम जागा देवो.' खाली जोडलेले हात.

अहो, डीन बोलले म्हटल्यावर मागे कोण राहणार? एका मेंढरानं उडी मारली की बाकीच्यांनी खड्डा बघायचा नसतो. तेच शब्द उचलून खाली चिकटवायचे, फक्त डीनच्या नावाजागी आपलं नाव. ग्रंथालय, वसतिगृह, नोंदणी विभाग, माजी विद्यार्थी! रेतनानीच्या डोळ्यांसमोर हातांच्या जोड्या सरसर वर सरकू लागल्या. तिचा मूळ निरोप कुठल्या कुठे गेला.

ती धावत विभागप्रमुखांकडे गेली. पाक मुर्तोपो चहा पीत होते आणि श्रद्धांजलीच टाइप करत होते.

"पाक, ते जिवंत आहेत! रक्त हवंय त्यांना!"

"काय सांगता?" त्यांनी आता कुठे निरोप उघडून पूर्ण वाचला, आणि त्यांचा चेहरा उतरला. "टाका, दुरुस्ती टाका. पण थांबा, थांबा. वर डीनसाहेबांचं आहे ना. एवढ्या लोकांसमोर त्यांना खोटं पाडायचं? आधी त्यांच्या कानावर घाला. रीतीनं."

तेव्हाच तिनं फाटकन दोन शब्द लिहून टाकायला हवे होते. तिला कळत नव्हतं असं नाही. पण पाय वळले ते डीनच्या इमारतीकडे. डीन बैठकीत. दारातल्या मुलीनं खुर्ची दिली, चहा दिला. रेतनानी दार ठोठावायला दोनदा उठली आणि दोनदा बसली. आपली आई इथे असती तर काय म्हणाली असती, बंद दारावर थाप मारतेस, एवढाच विचार तिच्या डोक्यात. बैठक संपली तेव्हा चहावर साय धरली होती.

डीन माणूस वाईट नव्हता. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "या अल्लाह! काय करून बसलो मी. लगेच लिहा. फक्त... जरा सांभाळून. कुणी दुखावलं जाऊ नये."

आणि तिनं सांभाळून लिहिलं! 'विनम्र क्षमायाचनेसह, मघाच्या निरोपाबाबत थोडासा गैरसमज झाला असल्याची शक्यता...' तोही निरोप तसाच घडीत गेला. त्याखाली अर्थशास्त्राच्या कुणीतरी लिहिलं, 'भावपूर्ण श्रद्धांजली'. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय.

मग मात्र तिनं ओळखीच्या एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. कुणी तासावर, कुणी उचलेना, कुणाचा रक्तगट दुसरा. "म्हणजे गेले नाहीत? अल्हम्दुलिल्लाह!" म्हणून काहींनी आनंदानं फोन ठेवून दिला. शेवटी ती रिकाम्या हातांनीच दवाखान्यात गेली.

पाक वार्सिदी उशीला टेकून पडले होते. अंगात रंग म्हणून राहिला नव्हता, पण डोळे उघडे होते. उशाशी बू कुस्तिनाचा फोन एकसारखा थरथरत होता.

"ये," ते म्हणाले. "तुझ्या कृपेनं माझं मयत मी डोळ्यांनी बघितलं. तो नोंदणीतला सुगेंग बघ, जन्मभर माझ्याशी भांडला. लिहितोय, बापासमान होते."

"पाक, माझं चुकलं," रेतनानी म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं. "मी वरती लिहायला हवं होतं. पहिल्या ओळीत."

"मग? काय ओरडत होतो मी इतकी वर्षं?" ते हसायला गेले आणि दम लागून थांबले. जरा वेळानं त्यांनी तिचा हात धरला. "रडू नको, वेडे. छान लिहितेस तू. माझ्यापेक्षा छान. फक्त तुला मागता येत नाही."

बू कुस्तिना उठली. तिनं रेतनानीला पाण्याचा पेला दिला, हे रेतनानीला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

दुपार टळली. कुणी आलं नाही. अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाची बांग झाली तेव्हा पाक वार्सिदी झोपल्यासारखे दिसत होते, आणि थोड्या वेळानं डॉक्टरांनी त्यांच्या तोंडावरून चादर ओढली.

पाक वार्सिदींच्या घराच्या अंगणात विद्याशाखेची, मयताच्या घरी पाठवतात ती फुलांची पाटी सकाळीच येऊन पडली होती. माणसापेक्षा उंच, कागदी फुलांत गुंफलेली अक्षरं, 'आम्ही आपल्या दुःखात सहभागी आहोत'. शेजाऱ्यांनी, आजारी माणसाच्या घरी अपशकुन नको म्हणून, ती भिंतीकडे तोंड करून उभी केली होती. रेतनानी आणि बू कुस्तिना दोघींनी मिळून ती फिरवली.

"बरं झालं, परत पाठवली नाही ते," बू कुस्तिना म्हणाली, आणि इतका वेळ धरून ठेवलेला तिचा हुंदका त्या पाटीशीच फुटला. रेतनानीनं तिला जवळ घेतलं. काय बोलणार? जिच्या हातून झालं, तिनं सांत्वन तरी कुठल्या तोंडानं करायचं?

दिवेलागणीला प्रिहांतो आला. रसायनशास्त्र शिकवणारा तरुण, बुटांना अजून चिखल. तो दारातच उभा राहिला.

"बू, माझा ए निगेटिव्ह आहे," तो म्हणाला. "मी निरोप शेवटपर्यंत वाचला होता. लगेच गाडी काढली. वाटेत पंपावर थांबलो, वॉर्ड कुठला ते बघायला पुन्हा फोन उघडला, तर डीन, ग्रंथालय, नोंदणी, सगळ्यांच्या श्रद्धांजल्या. म्हटलं, गेले. उशीर झाला आपल्याला." त्यानं बुटांवरच्या चिखलाकडे बघितलं. "वळलो, आणि वर डोंगरात नमुने आणायला गेलो. तिथे रेंज नसते. मी निघालो होतो, बू. अर्ध्या वाटेत होतो."

रेतनानीनं फोन काढला. ती ओट्यावर बसली.

तिथे बसूनच तिनं गटावर लिहिलं. सलाम नाही, क्षमा नाही. 'पाक वार्सिदी आज दुपारी वारले. दफन उद्या सकाळी, घरामागच्या कबरस्तानात. या.'

कुणी उत्तर दिलं नाही. श्रद्धांजली एकदा वाहून झाली होती, दुसऱ्यांदा कोण वाहतं?

सकाळी कबरस्तानात शेजारी होते, मशिदीतले चारजण होते, पाक मुर्तोपो मान खाली घालून मागे उभे होते. जनाज्याला खांदा द्यायला प्रिहांतो शेवटपर्यंत बदलला नाही. ज्यांना त्या म्हाताऱ्यानं जन्मभर लग्नामयताला बोलावलं, त्यांच्यातलं जवळजवळ कुणीच नव्हतं. त्यांच्या लेखी तो कालच पुरला गेला होता.

घरी परतल्यावर रेतनानीचा फोन वाजला. गटावर सुगेंगनं लिहिलं होतं, 'बू, हा काल सकाळचाच निरोप चुकून परत आला आहे का?'

तिची बोटं सवयीनं क्षमेकडे वळली. मग तिनं ती मागे घेतली आणि लिहिलं, 'नाही. काल सकाळी ते जिवंत होते. काल रक्त हवं होतं.'

निरोप वाचल्याच्या खुणा उमटू लागल्या. मग कुणाचे तरी जोडलेले हात आले. त्याखाली आणखी दोन, मग रांगच लागली. रेतनानीनं फोन पालथा ठेवला आणि ती बू कुस्तिनाशेजारी पाहुण्यांचे पेले विसळायला बसली.