वाचणारे आता नाहीत

संपादकांनी खणातून ते पाकीट पुन्हा बाहेर काढलं आणि चष्मा पुसत बसले. आठवडे उलटले होते, उत्तर गेलं नव्हतं. एका बाईंनी जाड पेनाने, ओळी वर चढवत लिहिलं होतं : 'कादंबरीचा पहिला भाग वाचून झाला. दुसरा कधी पाठवता? मुलगा म्हणतो, माला बंद झाली. खरं का?'

खरंच होतं. अधू दृष्टीच्या माणसांसाठी निघणारी ही मोठ्या अक्षरांतली पुस्तकमाला चालू ठेवावी का, हे ठरवायला प्रकाशनाच्या मालकांच्या मुलीने ऑनलाइन पाहणी घेतली होती. पुस्तक मागवताना ज्यांनी फोन नंबर दिला, त्यांना लिंक गेली. प्रश्न संपादकांनी लिहिले. ज्यांच्यासाठी पुस्तक घेतलं ते अजून वाचतात का, हा पहिला. त्यातला शेवटचा पर्याय त्यांनी हट्टाने घातला : 'वाचणारे आता नाहीत.' तो निवडला की 'क्षमस्व' एवढं उमटे आणि पाहणी तिथेच संपे. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला मुखपृष्ठ आवडलं का म्हणून काय विचारायचं? बाकीच्यांपुढे प्रश्नांची लांबलचक रांग होती.

निकाल आला त्या दिवशी मालकांची मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली होती,

"काका, निम्म्याहून जास्त वाचक गेले. साथबीथ आली होती का?"

"पिकली पानं," हिशेबनीस म्हणाले.

"मग छापायचं कोणासाठी?"

संपादक घरी जाऊन नीट जेवलेही नव्हते.

मग हे पत्र आलं. त्यांनी बाईंची ऑर्डर शोधली. फोन नंबर मुलाचा होता. पाहणीत त्या नंबरापुढे उत्तर होतं : 'वाचणारे आता नाहीत.'

आज ते पत्र घेऊन मालकांच्या मुलीच्या टेबलापाशी उभे राहिले.

"या बाई आहेत," ते म्हणाले. "म्हणजे, हयात आहेत."

तिने पत्र वाचलं. पडद्यावर त्या नंबराचं उत्तर काढून वाचलं.

"कंटाळा आला असेल हो त्याला. एका टिचकीत सुटका."

"एकट्यालाच आला असेल का?"

"काका, छपाईचा करार मोडलाय. आता उकरून काय हाती लागणार?" मग हळूच म्हणाली, "आणि तो पर्याय तुमचाच होता."

संपादकांनी मान हलवली. जागेवर येऊन त्यांनी उत्तर लिहायला घेतलं. 'आपल्या चिरंजीवांनी' इथवर आले आणि कागद फाडला. दुसरा घेतला.

'तुमचे चिरंजीव खरं सांगतात. माला बंद झाली. पाहणीत चूक आमची झाली. दुसऱ्या भागाची सुरुवात मोठ्या अक्षरांत काढून सोबत ठेवली आहे. पुढची पानं जमतील तशी पाठवीन.'

पाकिटावर त्यांनी बाईंचं नाव इतकं मोठं लिहिलं की पत्त्याला जेमतेम कोपरा उरला.

"आजोबा, एवढं ठळक?" टपालाच्या खिडकीतला कारकून हसला. "आमचा पोस्टमन आंधळा नाही."

"पोस्टमनसाठी नाही ते," संपादक म्हणाले. "बाई अजून वाचतात."

आणि त्यांनी पाकीट आत सरकवलं.