हंगेरीच्या ओदोनला आम्ही नाकारलं

आमच्या खोऱ्यातल्या कोळसा खाणीच्या युनियनचा सेक्रेटरी गेथिन प्रॉसर कट्टर कम्युनिस्ट. स्पेनच्या लढाईत फॅसिस्टांशी लढायला म्हणून निघाला, पॅरिसात पोट बिघडलं आणि परत आला. पण तो स्पेनमध्ये लढला असंच खोऱ्यातल्या अर्ध्या लोकांना वाटे. त्यानंही ते कधी खोडून काढलं नाही. दर उन्हाळ्यात पार्टीचा पाहुणा म्हणून पूर्व युरोपात जायचा, रापून यायचा आणि सांगायचा, "तिथल्या खाणीत धूळच नसते, गड्यांनो!"

सत्तावन्नच्या मार्चात ओदोन आला. हंगेरीतला खाणकामगार, बुडापेस्टात रशियन रणगाडे घुसले तेव्हा पळालेला. आमच्या शेजारीच खोली घेतली. खोकला थेट आमच्यासारखा. बायको म्हणाली, "धूळ नसते म्हणे! त्या प्रॉसरला म्हणावं, ये आणि ऐक."

खाणीत माणसं कमीच होती, मॅनेजर त्याला घ्यायला तयार होता. फक्त युनियनचा होकार हवा होता. सभा भरली. ओदोननं बाह्या वर सारल्या. जखमेत कोळसा राहून उठतात ते निळे वण, आम्हा सगळ्यांच्या अंगावर आहेत तसेच.

"वण कुणालाही असतात," प्रॉसर म्हणाला. "हा कामगारांच्या राज्यावर उलटलाय. फॅसिस्ट आहे. उद्या तुमच्या पोरांच्या जागा हाच खाईल."

मागून म्हातारा इवोर ओरडला, "अरे, जगातला प्रत्येक कामगार आपला भाऊ, असं तूच सांगायचास ना?"

"भाऊ वेगळा, घरजावई वेगळा!"

लोक हसले. आणि हसता हसता हात वर गेले. नको म्हणणाऱ्यांत माझाही हात होता. प्रॉसर माझ्याकडे बघत होता, आणि खाणीत गुडघाभर पाण्यात उभं राहून खणायच्या जागेवर कुणाला पाठवायचं ते मॅनेजर त्यालाच विचारून ठरवी.

नंतर प्रॉसरनं ओदोनपुढे हात केला. "यात वैयक्तिक काही नाही, कॉम्रेड." ओदोननं आपल्या बाह्या खाली ओढून बटणं लावली आणि निघून गेला.

शनिवारी बसपर्यंत त्याची पेटी मी उचलली. तेवढीच माझी मर्दुमकी. तो अडखळत म्हणाला, "आम्हीपण सभेत असेच हात वर करायचो. आमच्या मागे बंदूक असायची. तुमच्या मागे कोण होतं?"

मी पेटी बसमध्ये चढवली.

प्रॉसर पुढे अकरा वर्षं सेक्रेटरी राहिला. दर निवडणुकीत बिनविरोध. त्याच्यासमोर कुणीच उभं राहिलं नाही. मीही नाही.