शून्यांमधलं अंतर

शेषगिरी सरांचा जुना शोधनिबंध मोठ्यानं वाचता वाचता हेमावती चौथ्या पानावर थांबली.

"पुढं?" सर म्हणाले. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली होती.

अकरा वर्षं ती मळमड्डीतल्या या खोलीत थिसिससाठी येत होती. कॉलेजचे तास, पेपर तपासणं, सासूबाईंचं आजारपण यांतून उरेल त्या वेळात. समीकरण न सोडवताही त्याचं उत्तर कुठं कुठं शून्य होईल, ती शून्यं कशी पडत जातील हे सांगता येतं, ते तिला सरांनीच शिकवलं होतं.

"सर, तुमच्या प्रमेयात लागोपाठच्या शून्यांमधलं अंतर घटत जातं. स्थिरांक कुठलाही घेतला तरी."

"बरोबर."

"मी एक तृतीयांश घेऊन पाहिला. अंतर वाढतं."

"आकडेमोड चुकली असेल."

"चार वेळा केली. समीकरणातल्या एका पदाचं चिन्हच बदलतं." तिनं निबंध मिटला. "माझं चौथं प्रकरण सगळं त्यावरच उभं आहे. मी थिसिस मागं घेते, सर. ही चूक कुणाला कळायची नाही. दमले मी आता."

सर बोटानं चादरीवर काहीतरी मांडत राहिले. बाहेर एक रिक्षा थांबली, गेली. मग बोटही थांबलं.

"हौदु, बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "स्थिरांक अर्ध्याच्या खाली गेला की चिन्ह बदलतं. या निबंधावर मी प्रोफेसर झालो, हेमा." मग म्हणाले, "कागद घे. जर्नलला पत्र लिहू."

त्यांनी इंग्रजीत सावकाश मजकूर सांगितला. प्रमेय चुकीचं आहे. चूक माझी विद्यार्थिनी हेमावती हिनं शोधली, दुरुस्तीही तिचीच. दुसऱ्या वाक्याशी हेमावतीचा हात घुटमळला. स्वतःचं नाव गाळून तिनं सरांच्या तोंडी लिहिलं, चूक माझ्याच लक्षात आली.

सरांच्या पत्नी यमुनाअक्का चहा घेऊन आल्या. शाळेत इंग्रजी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या.

"यमुना, हे वाच. मग सही करतो."

अक्का वाचू लागल्या आणि दुसऱ्याच वाक्याशी थबकल्या. निबंधातली चूक त्यांना पहिल्यांदाच कळत होती; पण नजर गेलेल्या माणसाच्या ती आपली आपण लक्षात येणार कशी? त्यांनी चष्म्यावरून हेमावतीकडे पाहिलं. हेमावतीनं मान खाली घातली.

"का थांबलीस?"

"अक्षर लागत नाही हिचं." अक्कांनी तो कागद घडी करून बाजूला ठेवला आणि कोरा कागद हेमावतीपुढं सरकवला.

"सावकाश लिही," सर भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "मी सांगितलं होतं, तसंच."