युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात सापडलेला सोफा

मी एक तीन माणसांचा सोफा बोलतोय. घडलो शारजात, आणि १९९१ साली अबुधाबीकडच्या रुवैसला अरुण आणि अपर्णा यांच्या घरी आलो. अरुण रिफायनरीतून दमून आले की माझ्यावर आडवे होत. माझी एक स्प्रिंग वर आली होती. त्यांच्या आणि शेजारच्या वसईकर हेन्रींच्या पाठीला ती बरी वाटे, बाकी पाहुण्यांना मात्र टोचे.

२००० साली त्यांची मुलगी मिहिका अबुधाबीतल्या शालेय स्पर्धेसाठी युद्धगुन्ह्यांच्या लुटुपुटुच्या खटल्याची तयारी करू लागली. सरावाला अरुण आणि हेन्री न्यायाधीश होऊन माझ्यावर बसले.

मिहिकाने सांगितलं, की दुसऱ्या महायुद्धानंतरच्या खटल्यात खरे न्यायाधीश एका प्रश्नावर अडले होते. चौघांनी बसून ठरवणं हाच गुन्हा, की ठरवलेलं घडल्यावर गुन्हा? काहींच्या देशांत तर कटाचा असा वेगळा गुन्हाच नव्हता. शेवटी त्यांनी तो आरोप युद्ध छेडण्यापुरताच ठेवला.

"प्रॅक्टिसला खरी केस घेऊ," ती म्हणाली. "मम्मी आणि सुझी आँटीने सोफा घालवायचा कट केलाय. किचनमध्ये. आय हर्ड इट."

माझा कापूस गोठला.

"केलाय," अपर्णा पोळी लाटता लाटता म्हणाली. "नवा बघून पण आलोय."

हेन्री गडबडले. सुझी त्यांचीच बायको. "ठरवणं गुन्हा धरला, तर आख्खी कॉलनी आत जाईल रे अरुण."

"अंकल, मग प्लॅन करणारे नेहमीच सुटतील," मिहिका म्हणाली. "हात दुसऱ्याचे असतात."

तीन संध्याकाळी वाद चालला. चहाच्या सहा किटल्या संपल्या. दोघींना दोषी ठरवलं की मी वाचणार, हे अरुणना कळत होतं. त्यांनी माझ्या हातावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मला सोफा हवाय म्हणून वाकडा निकाल द्यायचा? नाही. नुसतं ठरवणं गुन्हा नाही. आरोपी निर्दोष."

"खलास," हेन्री म्हणाले.

"थँक यू हं," अपर्णा म्हणाली. "आता उठा दोघं. हमदुल्लाचा ट्रक नवा सोफा घेऊन खाली उभा आहे. याचं एक टोक धरा."

खालून हमदुल्ला ओरडला, "यल्ला, जल्दी करो."

निकाल त्यांचाच होता. नाही म्हणायला तोंड नव्हतं. दोन न्यायाधीशांनी मला चार जिने खाली उतरवलं. सुझीने वरून "भिंतीला लावू नका" एवढंच सांगितलं.

"पप्पा," मिहिका म्हणाली, "टेक्निकली, केलंत तुम्ही दोघांनीच."

हल्ली मी ट्रकवाल्यांच्या खोलीत असतो. तिथली माणसं प्रेमाने बसतात, तक्रार नाही. पण न्यायाला बसणाऱ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा. मला घराबाहेर काढणारी माणसं दोनच होती, आणि त्या घरात मी हवा होतो तो फक्त त्या दोघांनाच.