घरचा वाफा

दुपारी प्लॅस्टिकच्या छताखाली दुधाळ उजेड साचायचा आणि मळेवालीचा डोळा लागायचा. अर्धवट झोपेत तिला पालकावरचं औषध उडून जाताना दिसायचं, अगदी शप्पथ! ऊन त्याचे तुकडे करायचं, पान वाढता वाढता त्याला पातळ करायचं, उरलंसुरलं वाऱ्यावर निघून जायचं. छत घातल्यापासून मात्र ते फार रेंगाळत होतं. ऊन गाळून येणार, पाऊस तर लागणारच नाही. जाणार कसं बिचारं?

हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच कोपऱ्यातला एक वाफा तिने घरासाठी बिनफवारणीचा ठेवला होता. बाजारचे वाफे मात्र औषध उतरायची वाट न बघता गाडी येईल तसे कापायचे. सगळेच तसं करतात, तिनेच काय कुणाचं घोडं मारलं होतं?

आज लेक आली होती, दिवस भरत आलेली. त्या संथ उजेडात ती वाफ्यांमधून तरंगल्यासारखी चालत होती. मळेवाली तिच्यासाठी कोपऱ्यातली पानं खुडत होती.

"काय गं आई, लेकीला किडकी पानं?"

"तीच चांगली. गुमान खा."

"त्यापेक्षा आमच्याकडच्या बाजारात बरा मिळतो की तुझा पालक!" लेक हसली. "तुझ्या निळ्या चादरीची चिंधी बांधलेली जुडी मी लांबूनही ओळखते. दिवस राहिल्यापासून दुसऱ्या कुणाचा घेतलाच नाही. म्हटलं, आईच्या हातचा आहे."

मळेवालीने खुडणं थांबवलं. उजेड तसाच दुधाळ होता, पण झोप पार उडाली.

तेवढ्यात गाडीवाला आत आला आणि सकाळी कापलेल्या जुड्यांचा क्रेट उचलू लागला.

"ठेव तो खाली," मळेवाली म्हणाली.

"का हो मावशी? पानं कशी टवटवीत आहेत!"

"परवाच फवारलंय. औषध उतरलं नाही अजून."

"अहो, नेहमी तर..."

"जा म्हटलं ना!"

तो पुटपुटत निघून गेला. लेकीने हातातलं भोकं पडलेलं पान पाहिलं, मग क्रेटमधल्या जुड्या पाहिल्या. तिचा हात आपोआप पोटावर गेला.

"आई, मी खात होते तो?"

खोटं बोलायला मळेवालीची जीभ रेटेना. "धुऊन घेत होतीस ना गं?" एवढंच कसंबसं बाहेर पडलं.

"बाकी सगळं धुते," लेक म्हणाली. "तुझा पालक नुसता झटकून घ्यायचे."